ख्रिस्ताचं बलिदान आणि आपला रोजचा त्याग: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई नोकरी करतात, अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं एकट्या बघतात आणि मंडळीत रविवारशाळेचा वर्गही घेतात. धाकटा भाऊ आणि बहीण फोनवर चौकशी करतात, त्यापलीकडे काही नाही. "प्रभूने माझ्यासाठी जीव दिला, मग मी एवढंही करू नये का," असं मनाला समजावत त्यांनी बरीच वर्षं काढली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही "हा तुमचा वधस्तंभ आहे, आनंदाने वाहा" असंच सांगितलं. पण आनंद काही होत नाही. आईवर आवाज चढतो, मग रात्री रडू येतं, भावंडांबद्दल मनात अढी बसली आहे. त्या विचारतात: ख्रिस्ताच्या बलिदानाचा अर्थ रोजच्या जगण्यात आणायचा म्हणजे हेच का? आणि भावाला स्पष्ट बोलले, तर इतक्या वर्षांचा त्याग वाया जाईल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. भावाशी बोला. बोलल्याने काही वाया जाणार नाही. कसं बोलायचं ते खाली लिहितो. त्याआधी तुमचं ते "प्रभूने एवढं केलं, मग मी एवढं तरी" नीट बघू. पाळक म्हणून मी हे वाक्य असंख्य जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि बहुतेक वेळा म्हणणारं माणूस थकून अर्धमेलं झालेलं असतं. वरून ते भक्तीचं वाटतं, पण आत कर्जाची भाषा आहे. त्याने एवढं मोठं दिलं, तेव्हा मी हप्ते भरत राहिलंच पाहिजे. आणि हप्ते भरणाऱ्याची नजर हमखास शेजारी जाते: हे बाकीचे का भरत नाहीत? तुमच्या मनातली अढी तिथून आली आहे, असं मला वाटतं.

जुन्या करारातल्या लेवीयच्या पुस्तकाचे पहिले सात अध्याय वाचायचा बहुतेकांना कंटाळा येतो, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. पण बलिदानाचा अर्थ समजून घ्यायचा तर तिथे जावंच लागतं. तिथे पाच प्रकारची अर्पणं सांगितली आहेत: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. पापार्पण आणणारा माणूस पशूच्या डोक्यावर हात ठेवतो, त्याचा वध होतो, आणि पुढे त्या मांसातलं काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. काही वेळा ते याजकाने खायचं, काही वेळा छावणीबाहेर नेऊन जाळायचं. शांत्यर्पणाचं तसं नाही. चरबी वेदीवर जाते, ऊर आणि मांडी याजकाची, आणि उरलेलं मांस अर्पण करणारा आपल्या माणसांबरोबर बसून खातो. त्यातही अर्पण उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानण्याचं असेल तर ते त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. एका अख्ख्या पशूचं मांस एका दिवसात एकट्याने संपणार नाही. चार माणसं बोलवावीच लागतात.

आता इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय काढा. तिथे याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ पुन्हा पुन्हा करतो. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूच्या सामानात मेज आहे, दीपवृक्ष आहे, धूपवेदी आहे, पण याजकाला बसायला आसन नाही, कारण त्याचं काम संपतच नाही. ख्रिस्ताने मात्र पापांबद्दल एकच यज्ञ अर्पण केला आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. म्हणजे पापार्पणाचं काम झालं. त्यात तुम्ही-मी भर घालायची नाही, घालता येतही नाही. मग आपल्याकडे द्यायला काय उरतं? तेच पत्र तेराव्या अध्यायात सांगतं: स्तुतीचा यज्ञ, चांगलं करणं आणि आपल्याकडचं इतरांना वाटून देणं. अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो.

रोजच्या जगण्यात मला हा फरक सगळ्यात कामाचा वाटतो. आपला त्याग उपकारस्तुतीच्या जातीचा आहे, आणि उपकारस्तुतीच्या अर्पणात देणाराही जेवतो. तुम्ही वर्षानुवर्षं देत आहात आणि त्यातला एक घासही तुमच्या वाट्याला येत नाही, ना आनंद, ना विसावा, ना सोबत. मला शंका येते की नकळत तुम्ही पापार्पण घेऊन वेदीपाशी उभ्या आहात. कशाची तरी भरपाई चालली आहे. कशाची, ते तुम्हालाच माहीत. काहींच्या मनात जुना अपराध असतो, काहींना चांगली मुलगी म्हणवून घ्यायचं असतं, काहींना देव रागावेल अशी धास्ती असते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला मुलगा आठवा. धाकटा परत आला म्हणून घरात मेजवानी आहे. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि मला कधी एक करडूही मिळालं नाही, असं तो बापाला ऐकवतो. त्याने काम केलं हे खरंच आहे. पण बाप सांगतो की जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. करडू कुणी अडवून ठेवलं नव्हतं. आत जेवणावळ चालू होती आणि हा बाहेर उभा होता.

बलिदानाची परतफेड होत नाही हे एका आधुनिक घटनेतून फार स्पष्ट दिसतं. १९४१ च्या जुलैअखेरीस आउश्विट्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटला, म्हणून अधिकाऱ्यांनी दहा जणांना उपासमारीने मारण्यासाठी निवडलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्निचेक हा पोलिश सैनिक बायकोमुलांच्या आठवणीने ओरडला. तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू पुढे झाले आणि त्याच्या जागी मला न्या म्हणाले. १४ ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आलं. उपदेशांत कोल्बे नेहमी येतात. मला मात्र गायोव्निचेकचा जास्त विचार करावासा वाटतो, कारण आपली जागा त्याची आहे. तो १९९५ पर्यंत जगला, म्हणजे त्या दिवसानंतर अर्ध्या शतकाहून जास्त. १९८२ मध्ये रोममध्ये कोल्बे यांना संत घोषित केलं तेव्हा तो तिथे हजर होता. ज्याने आपल्या जागी जीव दिला त्याला काय परत देणार? तो उठत, कामावर जात, जेवत, झोपत, आणि विचारणाऱ्याला कोल्बेंबद्दल सांगत राहिला. जगणं हेच त्याला दिलेलं होतं.

आता वधस्तंभाबद्दल. आपल्या मंडळ्यांत हा शब्द कशालाही लावतात. गुडघेदुखी, तापट साहेब, व्यसनी नवरा, न फिटणारं कर्ज, सगळे वधस्तंभच. येशूने रोज आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावं असं सांगितलं ते सुवार्तेसाठी आपणहून पत्करायच्या किमतीबद्दल. आजारपण हे दुःख आहे, त्यात देव सोबत असतो, पण ते कुणी निवडलेलं नसतं. आणि दुसऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय हे त्या दुसऱ्याचं पाप आहे. त्याला माझा वधस्तंभ म्हटलं की पाप करणारा सुटतो.

येशूचंच वागणं बघा. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात दगड उचलले तेव्हा लपून बाहेर पडला. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने विचारलं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? माझा प्राण माझ्यापासून कुणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, असं त्याने योहानाच्या दहाव्या अध्यायात सांगितलं आहे. गेथशेमाने बागेत तर त्याने तीन वेळा तोच प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. म्हणजे "हे माझ्याच्याने होत नाही" असं देवाला म्हणणं आज्ञाभंग ठरत नाही. पौलाने फटके खाण्याआधी रोमन नागरिकत्वाचा हक्क सांगितला, कैसराकडे दाद मागितली, आणि दिमिष्कात असताना तर पाटीत बसून तटावरून खाली उतरून पळाला. आणि तोच पौल जिथे जिवाला धोका आहे त्या यरुशलेमेत स्वतःहून गेला. कधी निघून जायचं आणि कधी थांबायचं हे तो ठरवत होता.

ताई, हे तुम्हाला लागू नाही, पण हे उत्तर आणखीही कुणी वाचेल म्हणून लिहितो. घरात मारहाण होत असेल तर तो तुमचा वधस्तंभ नाही. "सहन कर, प्रभूनेही सहन केलं" असं सांगून बाईला त्याच घरात परत पाठवणारे पाळक मी पाहिले आहेत, आणि त्यांचं मला कधीच पटलेलं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातला दुसरा अध्याय ते दाखवतात, पण तो ज्या गुलामांना लिहिला आहे त्यांना मालक सोडून जायची सोयच नव्हती. तुम्हाला आहे. मुलांना घेऊन बाहेर पडा, सुरक्षित ठिकाणी जा, पोलिसांत सांगा. क्षमेचा विषय नंतर, अंगावरचे वळ गेल्यावर.

तुमच्याकडे येतो. आईची सेवा तुम्ही निवडली आहे का? माझा अंदाज, सुरुवातीला निवडली होती. मग हळूहळू ती गळ्यात पडली, कारण बाकीच्यांनी तुम्हाला गृहीत धरलं. निवड हातातून गेली की त्यागाची फरफट होते. म्हणून भावाशी बोलायचं. त्यातून तुम्हाला तुमची निवड परत मिळेल.

"बोलले तर त्याग कसला" या शंकेला सगळ्यात चांगलं उत्तर वधस्तंभावरच आहे. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू शेवटच्या घटका मोजतोय, समोर आई उभी आहे, आणि तो तिची सोय लावतो: शिष्याला सांगतो की ही तुझी आई. त्या घटकेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन गेला. जगाचं तारण करायला निघालेल्याला आईची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवण्यात कमीपणा वाटला नाही. उलट आईबापांची जबाबदारी देवाचं नाव सांगून टाळणाऱ्यांवर तो चिडला होता. हे देवाला कुर्बान केलं आहे, म्हणून तुम्हाला देता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना त्याने मार्काच्या सातव्या अध्यायात चांगलंच फटकारलं आहे. तीमथ्याला पहिल्या पत्रात पौल मुलानातवंडांनी आपल्या घरच्यांची काळजी घ्यावी असं सांगतो. एकट्या थोरल्या मुलीने, असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. तुमच्या भावंडांच्या वाट्याचं अर्पणही तुम्हीच नेऊन देता आहात, म्हणून त्यांच्या हातून ते घडतच नाही.

बोलण्याची रीत मत्तय १८ मध्ये आहे: आधी एकट्याने, दोघांतच. मंडळीतल्या कुणाच्या कानावर घालून भावापर्यंत पोचवायचं नाही, बहिणीकडे त्याचे पाढे वाचायचे नाहीत. आणि त्याला भेटल्यावरही इतक्या वर्षांची यादी काढू नका. यादी काढली की तो प्रत्येक मुद्द्याला सबब शोधत बसेल आणि तुम्ही वकील होऊन जाल. एकच मागणी, स्पष्ट आकारात: दर शनिवारी सकाळी ८ पासून रात्री ८ पर्यंत आईजवळ तू थांबायचंस. किंवा, रात्रीसाठी बाई ठेवते आहे, तिचा पगार तुम्ही दोघांनी द्यायचा. त्याने टाळलं तर दुसऱ्यांदा बहिणीला किंवा घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन बसा. तरीही नाहीच म्हणाला, तर मंडळीला सांगा. यात लाज कसली? प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात विधवांना रोजचं अन्न नीट मिळत नाही अशी कुरकुर झाली, तेव्हा सात माणसं नेमली गेली. "सहन करा" असं कुणी त्या विधवांना सांगितलं नाही.

एवढं करूनही काही नुकसान उरतंच. गेलेली वर्षं भाऊ परत देऊ शकत नाही. इथे क्षमा सुरू होते, आणि बलिदानाचा अर्थ रोजच्या जगण्याला सगळ्यात जास्त भिडतो तो इथे.

मत्तय १८ मधलीच गोष्ट. एका चाकरावर राजाचे १०,००० तालांत कर्ज होतं आणि त्याच चाकराचं दुसऱ्याकडे १०० दिनार येणं होतं. राजाने त्याचं कर्ज सोडलं, पण त्याने आपले १०० दिनार सोडले नाहीत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे पहिलं कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं, कुठल्याही जन्मात न फिटणारं. हा हिशेब सगळे सांगतात. दुसरी बाजू कुणी सांगत नाही: १०० दिनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त राबल्याचे पैसे. गरिबाला ही रक्कम लहान नाही. तुमचं जे गेलं ते क्षुल्लक आहे असं ती गोष्ट म्हणत नाही. ते खरंच गेलं आहे. क्षमा करणं म्हणजे ते नुकसान आपल्या पदरात घेणं, आणि ज्याने आपलं ६ कोटी दिवसांचं कर्ज स्वतःवर घेतलं त्याच्या जोरावर घेणं. फिलेमोनाला लिहिताना पौल तेच करतो: तुझा दास अनेसिम तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड. कर्ज हवेत विरत नाही, कुणीतरी ते भरतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. (नीतिसूत्रांत याबद्दल किती वेळा सावध केलंय, पण भिडेपोटी माणूस सही करतो.) मित्राने हात वर केले आणि हप्ते यांच्या पगारातून जाऊ लागले. प्रत्येक हप्ता ते एका वहीत लिहून ठेवायचे: तारीख, रक्कम, आणि शेजारी त्या महिन्यात घरात काय अडलं ते. मुलीच्या शिकवणीची फी, बायकोच्या दातांचं काम. वही घेऊनच ते आले होते. मी त्यांना तेव्हा क्षमा कर म्हटलं नाही. आधी मित्राकडे जाऊन पैसे मागा म्हटलं, कारण आजवर त्यांनी स्पष्ट मागितलेच नव्हते. नुसते नाराज राहिले होते. त्यांनी मागितले. मित्राने महिन्याला थोडे थोडे द्यायचं कबूल केलं, काही महिने दिलेही, मग बंद केले. तेव्हा आम्ही पुन्हा बसलो, वहीतली बाकी काढली आणि तो आकडा त्यांनी मोठ्याने वाचला. मग त्यांनी ठरवलं की हा मी सोडतो. मित्राला जाऊन तसं सांगितलंही. पुढे त्याच मित्राने आणखी एका कागदावर सही मागितली, तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हटलं. क्षमा केली याचा अर्थ विश्वासही पूर्वीसारखा ठेवायचा असा होत नाही. वही त्यांनी फाडली वगैरे नाही. हिशेब ठेवायची सवय असलेला माणूस, ती अजून कपाटात असेल.

सोडणं म्हणजे नेमकं काय, तर वसुली थांबवणं. आपण न फिटलेल्या कर्जाची वसुली तीन रस्त्यांनी करत असतो. त्या माणसाला टोमणे मारून, इतरांपाशी त्याची कहाणी सांगून, आणि रात्री अंथरुणावर मनातल्या मनात त्याला पुन्हा उभं करून. पहिल्या दोन गोष्टी ठरवून बंद करता येतात. तिसरी लवकर बंद होत नाही, आणि झाली नाही म्हणून आपली क्षमा खोटी होती असं समजू नका. आठवण आली की पुन्हा एकदा "ते मी सोडलं आहे" एवढं म्हणायचं. किती वेळा क्षमा करावी असं पेत्राने विचारल्यावर येशूने "साताच्या सत्तर वेळा" असं जे उत्तर दिलं, त्याची गरज मला तर एकाच अपराधासाठीही वाटते.

प्रभुभोजनाबद्दल तुम्ही लिहिलंय की मनात कडवटपणा असताना भाकर घ्यायची भीती वाटते, म्हणून गेले काही महिने घेतलेली नाही. इथे करिंथच्या मंडळीत काय झालं होतं ते समजून घ्या. पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. तिथे प्रभुभोजन हे खरंखुरं जेवण होतं. सुखवस्तू लोक लवकर जमून आपलं खाऊन मोकळे होत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. एक भुकेलेला, दुसरा प्यायलेला, असं पौल स्पष्ट लिहितो. आपली परीक्षा करा हे तो त्या लोकांना सांगतो आहे, आणि शेवटी उपाय देतो तोही साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. आपण मात्र त्या वचनावरून फक्त मनातली पापं चाचपत बसतो, आणि थकलेली, रडवेली माणसंच मेजापासून दूर राहतात. ज्यांनी इतरांना उपाशी ठेवलं त्यांना कुणी विचारत नाही. ताई, तुम्ही पुढच्या वेळी भाकर घ्या. तुम्हीच त्या जेवणाबाहेर राहिलेल्या आहात.

आईवर आवाज चढतो, त्याचं वेगळं. तिथे खरोखर कुणाला तरी लागलेलं असतं, आणि देवापाशी रडून ते संपत नाही. दोषार्पणाचा नियम असा होता की आधी ज्याचं घेतलं त्याचं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की वेदीपाशी आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. ऐकणारे बरेचसे गालीलचे होते, वेदी यरुशलेमेत. म्हणजे काही दिवसांची पायपीट करून परत घरी यायचं. तुम्हाला शेजारच्या खोलीत जायचं आहे. "आई, मघाशी मी ओरडले, माझं चुकलं." त्यापुढे "पण तू पण ना" जोडायचं नाही. तिला कळलं की नाही याची वाट पाहायची नाही. वर पाचवा हिस्सा म्हणून पाच मिनिटं जवळ बसा.

खरं सांगायचं तर बलिदान जगण्याचं बरंचसं काम असंच बारीक आणि न दिसणारं असतं. योहानाच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायाचं १६ वं वचन म्हणतं की त्याने आपल्यासाठी प्राण दिला, म्हणून आपणही भावांसाठी प्राण दिला पाहिजे. वाचताना अंगावर काटा येतो. आणि १७ व्या वचनात लगेच काय? ज्याच्याजवळ संसाराची साधनं आहेत आणि जो गरजू भावाला पाहून मन घट्ट करतो, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहणार? हुतात्म्यावरून एका वचनात थेट कपडेलत्ते आणि धान्यावर. प्राण द्यायची वेळ फार थोड्यांवर येते. रात्री २ वाजता ओली चादर बदलायची वेळ तुमच्यावर रोज येते: आईला एका कुशीवर वळवायचं, अर्धी चादर गुंडाळून पाठीशी सरकवायची, कोरडी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुवायला कमरेला रुमाल बांधतो, त्याआधी योहानाने एक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे: आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो हे येशूला ठाऊक होतं. मग तो उठला. पाय धुऊन त्याला कुणाकडून काही सिद्ध करून घ्यायचं नव्हतं. त्या बारा जणांत त्याला धरून देणारा यहूदाही होता, त्याचेही पाय धुतले गेले. त्या रात्रीच्या चादरीआधी तुम्हीही एवढंच मनात म्हणा: माझं काही फेडायचं राहिलेलं नाही. मग चादर बदला. काही रात्री त्याने फरक पडेल, काही रात्री नुसती झोप मोडलेली असेल.

आणि पेत्राचंही लक्षात ठेवा. माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असं म्हणून तो अडून बसला होता. सेवा करणाऱ्या माणसांना सेवा करवून घेणं फार जड जातं. मंडळीतली कुणी बाई "मी तासभर बसते, तुम्ही झोपा" म्हणाली तर "नको, नको, कशाला त्रास" हे तोंडावर येईल. ते गिळा आणि जाऊन झोपा. येशूही वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशीवर झोपला होता. सगळे तुझा शोध करत आहेत असं शिष्यांनी सांगितलं, तेव्हा चला, दुसऱ्या गावी जाऊ, म्हणाला. शोधणाऱ्या प्रत्येकाला तो सापडला नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करायला सांगतो आणि लगेच म्हणतो की शरीराला अवयव पुष्कळ आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं. सर्वस्व द्यायचं ते देवाला. मागेल त्या प्रत्येकाला नव्हे.

म्हणून रविवारशाळेचं असं करा: या सत्रापुरती रजा मागा. कारण सांगायला संकोचू नका, आई आजारी आहे हे पुरेसं कारण आहे. वर्ग दुसऱ्या कुणी घेतला तर तुमच्याइतका चांगला घेणार नाही कदाचित, चालेल. नोकरी सोडू नका, निदान आत्ता नाही. घराबाहेरचे ते आठ तास तुम्हाला तगवत असतील.

भावाला फोन करण्याआधी शनिवारच्या वेळा, औषधांचा क्रम आणि चादर कशी बदलायची ते एका कागदावर लिहून ठेवा. समोर कागद नसला की ऐन वेळी तोंडून "जमेल तसं ये" निघून जातं, आणि त्याला कसं जमतं ते तुम्ही इतकी वर्षं पाहिलंच आहे.